स्विच २ की स्टीम डेक ओएलईडी?

निन्टेन्डो स्विच २ हा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल जून २०२५मध्ये अमेरिकेत सुमारे ४५० डॉलरला आला. तसाच, पण ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानातले पीसी गेम चालवणारा ५१२ जीबीचा स्टीम डेक ओएलईडी २०२३मध्ये ५४९ला आला होता. पण या आकड्यांवर ठरवू नका, खरा खर्च पुढेच आहे.

स्विचचे मोठे गेम ७०-८० डॉलरचे, आणि निन्टेन्डोच्या स्वतःच्या गेमवर घसघशीत सूट क्वचितच मिळते. स्टीमवर सेल सतत चालू. उलट स्विचचं गेम-कार्ड खेळून विकता येतं, स्टीमचा गेम नाही. मात्र ‘गेम-की कार्ड’ घेताना जपून: त्यात गेम नसतोच, तो डाउनलोड करावा लागतो. स्विच २ची आतली २५६ जीबी जागा भरली की साधं मायक्रोएसडी गेमसाठी चालत नाही, महाग एक्स्प्रेस कार्डच लागतं. डेकला साधं कार्ड पुरतं. हवं तर मागचे स्क्रू काढून आतला २२३० मापाचा एसएसडी (साठवणीचा भाग) बदला.

जड गेमवर दोघांचीही बॅटरी दोन-तीन तासच. डेकमध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम ४०वर बांधून, चिपला मिळणारे वॅट कमी करून ती ताणता येते. स्विच २ची बॅटरी चिकटवलेली आणि जॉय-कॉनच्या (सुट्या होणाऱ्या कंट्रोलरच्या) स्टिक पुन्हा घासून झिजणाऱ्याच. हे खटकतं.

वजन: स्विच २ ५३४ ग्रॅम, डेक ६४०. टीव्हीला जोडायचा डॉक फक्त स्विचसोबत येतो.

घरात चौघं मिळून खेळणार, किंवा मारिओ-झेल्डा हवेतच, तर स्विच २ लाँचच्या किमतीलाही घ्या. स्टीमवर आधीच गेम साठलेत, तर डेक. फोर्टनाइटसाठी डेक नको; अँटी-चीटमुळे (फसवेगिरी रोखणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे) ते डेकच्या स्टीमओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत नाही.