शिमानोची ११-३४ कॅसेट: भाट्ये, आरे-वारे आणि शर्यतीची तयारी

गुहागरपासून देवगडपर्यंतच्या पट्ट्यात कुठेही रोड बाइक चालवत असाल, सायकलीला कंपनीतूनच ११-२८ कॅसेट (मागच्या चाकावरचा ११ ते २८ दात्यांच्या चकत्यांचा संच) लागून आलेली असेल आणि डोक्यात शर्यत असेल, तर हातातले पैसे हलक्या चाकांवर किंवा कार्बनच्या सीटपोस्टवर घालू नका. आधी मागचे दाते बदला. मी शिमानोची १०५ दर्जाची (१०५ ही शिमानो कंपनीची रोड बाइकच्या भागांची एक श्रेणी) एचजी७०० कॅसेट बसवली, अकरा स्पीड म्हणजे अकरा चकत्या, ११ ते ३४ दाते. माझ्या तयारीत यंदा सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल तर तो हिच्यामुळे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी रत्नागिरीत हायस्कूलला गणित शिकवते. चाळिशी ओलांडली आहे, वजन पंचावन्नच्या आसपास. डिसेंबरात एका विभागीय शर्यतीत महिलांच्या गटात उतरते आहे. सायकल साधी ॲल्युमिनियमची, शिमानो १०५चा आर७००० गिअर सेट, पुढे ५०/३४चा कॉम्पॅक्ट क्रँक (पायडलपाशी ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या), टायर २८ मिलिमीटरचे. शाळा सकाळची, त्यामुळे सराव पहाटे पाचला सुरू होतो आणि साडेसहाला संपलेला असावा लागतो. एवढ्या वेळात लांबचा पल्ला जमत नाही. जे काही कमवायचं ते चढावरच.

आणि चढ आपल्याकडे हवे तेवढे. नकाशावर सागरी मार्ग समुद्राला बिलगून जाताना दिसतो, पण प्रत्यक्षात खाडी आली की तो पाण्यापर्यंत उतरतो आणि पूल ओलांडला की तडक सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर, चढतो. काजळी नदीवरचा भाट्याचा पूल ओलांडा, फणसोपकडे चढ लागलाच. गोळपच्या सड्यावर जरा दम खाल्ला की पावसला उतार. पुढे पूर्णगडला मुचकुंदीच्या खाडीवर पुन्हा खाली आणि गावखडीकडून पुन्हा वर. उत्तरेलाही तसंच: शिरगाव सोडलं की आरे-वारेची टेकडी, खाली उतरून नेवरे, गणपतीपुळे, मालगुंड. जयगडला जेटीवरून वर येणारा रस्ता तर विचारूच नका. हे चढ लांब नाहीत. किलोमीटर, दीड किलोमीटर, कुठे त्याहून थोडे जास्त. पण काही वळणांवर माझा सायकल कॉम्प्युटर दोन आकडी टक्के दाखवतो, आणि एक संपला की दुसरा वाट बघत असतो.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण कॅसेटबद्दल सल्ला विचारला की पुण्या-मुंबईचे मित्र घाटाचा हिशोब सांगतात. घाट ही वेगळी गोष्ट आहे. साखरप्यावरून आंबा घाट किंवा चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना वेळ खूप लागतो, पण रस्ता ट्रक चढतील अशा बेताने वळणं घेत आखलेला आहे. एक लय सापडली की २८ दात्यांवरही माणूस वर पोचतो. खाडीतून सड्यावर जाणारे आपले जुने रस्ते अशा बेताचे नाहीत. तिथे लय सापडण्याआधीच गुडघ्यावर जोर येतो.

आता आकडे. मागची चकती जितकी मोठी तितका गिअर हलका. पुढे ३४ आणि मागे २८ असताना पायडल एकदा पूर्ण फिरलं की माझी सायकल सुमारे २.५९ मीटर पुढे जाते. मागे ३४ असेल तर २.१४ मीटर. उभ्या चढावर माझा वेग ताशी १० किलोमीटर धरला, तर २८वर पाय मिनिटाला ६४ वेळा फिरतात आणि ३४वर ७८ वेळा. वेग तोच, काम तेवढंच, पण प्रत्येक फेऱ्यात स्नायूला लावावा लागणारा जोर सतरा-अठरा टक्क्यांनी कमी. ६४च्या कॅडेन्सला (मिनिटाला पायांचे फेरे) मांडी भरून येते, ७८ला श्वास वाढतो. श्वास सड्यावर पोचल्यावर दोन मिनिटांत जागेवर येतो. भरलेली मांडी पुढच्या खाडीपर्यंत तशीच राहते, आणि पुढची खाडी आपल्याकडे कधीच लांब नसते.

या कॅसेटवर सगळीकडे एकच आक्षेप ऐकू येतो: दात्यांमधली अंतरं मोठी, सपाटीवर नेमका गिअर सापडत नाही. मीही तो ऐकून बरेच महिने थांबले होते. मग वहीत दोन्ही कॅसेटचे दाते एकाखाली एक लिहून काढले. तुम्हीही लिहून बघा. अकरा स्पीडची ११-२८ अशी असते: ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८. आणि ११-३४ अशी: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. १५ ते २५ हा मधला सगळा भाग दोन्हींत अक्षरशः एकच आहे! गेले ते फक्त १२, १४ आणि २८. मिळाले २७, ३० आणि ३४.

मग १४ची गरज कधी पडते? पुढे ५० आणि मागे १५ असताना मिनिटाला ९० फेरे मारले तर वेग ताशी ३८ किलोमीटरच्या थोडा वर जातो. म्हणजे त्याहून जास्त वेगाने सपाटीवर सतत जाणाऱ्यालाच १४ नसल्याचं जाणवेल. सकाळी वारा पडलेला असताना माझा सपाटीवरचा वेग ३० ते ३४च्या मध्ये असतो, तिथे मी १७ किंवा १९वर असते. माझ्यासारख्या बहुतेक हौशी सायकलपटूंचं असंच असणार. ज्या गिअरवर आपण शर्यतीचा मोठा भाग काढतो तो या कॅसेटने हलवलेलाच नाही, हे मला कोणत्याही परीक्षणात वाचायला मिळालं नव्हतं.

एक खरी उणीव आहे. चार-पाच जणांच्या घोळक्यात वेग ४०वर गेला की १५वर पाय ९४ने फिरवावे लागतात आणि १३वर ८१ने. मधलं काही नाही. आमच्या रविवारच्या गटातली कॉलेजची मुलं पुढे असली की मी हे अनुभवते. १५वर घाई होते, १३वर पाय जड. मी १५वर राहून जलद फिरवायची सवय लावून घेते आहे. ज्यांची शर्यत सपाट आहे, कोल्हापूर-सांगलीच्या मोकळ्या रस्त्यांवर घोळक्यातच शेवटची धाव होणार आहे, त्यांनी ही कॅसेट घेऊ नये. ११-३० घ्या, किंवा ११-२८वरच राहा. आणखी एक, ही ११-२८पेक्षा सुमारे शंभर ग्रॅम जड आहे. चढावर गिअरने जे मिळतं त्यापुढे हे ग्रॅम मी मोजत नाही.

बसवण्याचा भाग नीट वाचा, कारण नुसती कॅसेट घेऊन काम होत नाही. आर७०००चा मागचा डेरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, दोन लांबीत येतो. आखूड पिंजऱ्याचा, म्हणजे एसएस, जास्तीत जास्त ३० दात्यांपर्यंत. लांब पिंजऱ्याचा, म्हणजे जीएस, ३४पर्यंत. पुढे ५०/३४ आणि मागे ११-३४ असेल तर डेरेलरला एकूण ३९ दात्यांचा फरक (पुढचे १६ आणि मागचे २३) सांभाळावा लागतो, आणि जीएसची क्षमता बरोबर ३९ आहे. माझ्या सायकलीला एसएस होता, म्हणून डेरेलरही बदलला. चेनही नवी, कारण ३४च्या चकतीवरून फिरायला जुनी चेन तोकडी पडते. तिन्ही मिळून खर्च दहा हजारांच्या वर जातो. माझ्या दृष्टीने तो वसूल झाला, पण आधी माहीत असलेला बरा.

दुसरी गोष्ट एका पातळ वॉशरची. ही कॅसेट मूळ जुन्या ८, ९, १० स्पीडच्या हबवरही (चाकाच्या मधल्या भागावर) बसेल अशी बनवलेली आहे. तुमचं चाक अकरा स्पीडच्या रोड हबचं असेल तर कॅसेटच्या मागे १.८५ मिलिमीटरचा वॉशर घालावाच लागतो. तो न घालता लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरणारी कडी) कितीही आवळली तरी कॅसेट हलत राहते. पाकीट उघडताना तो कागदात गुंडाळलेला राहून जाणार नाही एवढं बघा.

मी सगळे भाग मागवून घेतले आणि बसवायला आमच्या इथल्या मिस्त्रीकडे दिले. त्याच्या दुकानात दिवसभर शाळेच्या मुलांच्या सायकली असतात, पण हात स्वच्छ आणि मोजून काम करणारा. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळायची म्हटल्यावर त्याने मित्राच्या मोटरसायकल गॅरेजमधून टॉर्क पाना आणला. "बाई, अंदाजाने करू नको ना? मग थांबा जरा," एवढंच म्हणाला. डेरेलर आणि चकत्यांमधलं अंतर ठरवणारा बी-स्क्रू मात्र दोनदा लावून घ्यावा लागला. डेरेलरची वरची चाकी ३४च्या चकतीला घासत होती, स्क्रू आत घेतल्यावर आवाज बंद. नव्या केबलला थोडा ताण बसला की गिअर पुन्हा एकदा जुळवून घ्या, मग महिनोन्‌महिने बघावं लागत नाही.

सरावात काय बदललं ते सांगते. आधी भाट्याच्या चढावर उभं राहून पायडल मारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आता मी बसून चढते. पावसाळा संपता संपता याचा फार उपयोग झाला. त्या दिवसांत झाडांच्या सावलीतल्या वळणांवर शेवाळ असतं, कडेच्या जांभ्याची लाल माती वाहून रस्त्यावर आलेली असते. उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि चाक जागच्या जागी फिरतं. बसून हलक्या गिअरवर चढलं की पकड टिकते. आरे-वारेच्या टेकडीवर ओल्या रस्त्यावर मला पहिल्यांदाच निर्धास्त वाटलं ते याच वर्षी.

दुसरं म्हणजे, चढ पुन्हा पुन्हा मारता येतो. माझा ठरलेला सराव हाच: पूल ते सडा जोरात, उतरताना विश्रांती, पुन्हा वर. २८वर शेवटच्या खेपांना कॅडेन्स पन्नाशीत यायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहणं जड जायचं. आता शेवटची खेपही पहिलीच्या जवळपास वेळेत होते. ऑक्टोबरच्या उकाड्यात, घाम वाळतच नाही अशा हवेत, हे मला फार मोलाचं वाटतं. शर्यतीत पहिला चढ कोण आधी चढतं याला किंमत नाही, चौथा आणि पाचवा कोण त्याच जोमाने चढतं यावर निकाल ठरणार आहे. ज्या मुली माझ्या पुढे असतात त्यांना गाठायची माझी आशा त्या शेवटच्या चढांवरच आहे.

खाऱ्या हवेचं काय, असं दोघींनी विचारलं. कॅसेटच्या चकत्यांवर निकेल-क्रोमचा मुलामा आहे आणि तो आतापर्यंत चांगला टिकला आहे. गंज आधी धरतो तो चेनला आणि बारीक स्क्रूंना. किनाऱ्यावरून आलं की मी चेन गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसते, कोरडी करते, आणि मगच तेलाचा थेंब थेंब सोडते. तेल जास्त घालू नका. जांभ्याची धूळ तेलात बसली की तिची घोटून पेस्ट होते आणि ती दाते खाते. चेन किती ताणली ते मोजणारा गेज घरात ठेवा, अर्धा टक्का ताण दिसला की अकरा स्पीडची चेन बदला. ताणलेल्या चेनने ही महाग कॅसेट झिजवण्यापेक्षा वेळेवर नवी चेन घेणं स्वस्त पडतं.

ज्यांची सायकल अजून घ्यायची आहे त्यांना हा खटाटोप कदाचित करावाच लागणार नाही. शिमानोने २०२२ साली १०५ बारा स्पीडमध्ये आणला, तेव्हा मागे ११-३४ आणि ११-३६ हेच पर्याय ठेवले. त्या ११-३४मध्ये १२ आणि १४ही आहेत, म्हणजे वर सांगितलेली उणीवही भरून निघाली. अकरा स्पीडची जुनी सायकल स्वस्तात मिळत असेल तर मात्र विकणाऱ्याला आधी दोन गोष्टी विचारा: मागे शेवटची चकती किती दात्यांची आणि डेरेलर एसएस की जीएस. एसएस असेल तर त्या खर्चाएवढी किंमत कमी करून मागा.

रत्नागिरीतल्या ज्या मुली नव्याने शर्यतीच्या सरावाला लागल्या आहेत, विशेषतः वजनाने हलक्या, त्यांनी घेण्याआधी ही चालवून बघावी. रविवारी पहाटे आमचा गट भाट्याच्या पुलाशी जमतो. माझ्या सायकलीची उंची तुम्हाला जुळत असेल तर फणसोपचा चढ एकदा माझ्या २५वर आणि एकदा ३४वर मारा, आणि मग ठरवा.