'चाओ' म्हणू की 'साल्वे'?

भाचीला मिलानच्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय. इटालियनची पुस्तकं घोकून झाली, तरी भेटल्यावर 'चाओ' म्हणायचं की 'साल्वे', हे तिला ठरवता येईना.

कोणाला म्हणायचं, इथेच खरी गोम आहे. 'चाओ' म्हणजे थेट अरेतुरे: मित्र, घरचे, लहान मुलं. अनोळखी वयस्कर माणसाला ते खटकतं. 'साल्वे' ना 'तू'मध्ये अडकत ना 'आपण'मध्ये, म्हणून नातं ठरलेलं नसताना सोयीचं. काही इटालियनांना ते कोरडं वाटतं, ते वेगळं.

निघताना 'चाओ' पुन्हा चालतं. 'साल्वे' मुख्यतः भेटतानाच.

उगम पाहिला तर गंमत आहे. 'साल्वे' सरळ लॅटिन: 'बरा राहा'. 'चाओ' मात्र व्हेनिसच्या बोलीतल्या 'स्च्यावो'वरून, म्हणजे 'मी आपला दास'. त्यामागे मध्ययुगीन लॅटिनमधला 'स्क्लावुस' म्हणजे दास, मूळचं पूर्व युरोपातल्या स्लाव लोकांचं नाव. आपल्या अर्जाखालचं 'आपला आज्ञाधारक' याच जातीचं. पण 'चाओ'तली अदब इतकी झिजली की जिथे ती हवी, नेमकं तिथेच ते म्हणता येत नाही!

प्रवासात 'चाओ' पुढे: चेक आणि जर्मन लोकही 'चाउ' म्हणतात. जर्मनमध्ये मात्र तो मुख्यतः निरोप, पोर्तुगीजमध्ये तर फक्त निरोप.

थोडक्यात, वसतिगृहात 'चाओ'. जिन्यात भेटणारे शेजारी, कोपऱ्यावरचा दुकानदार यांना 'साल्वे'. प्राध्यापक आणि सरकारी कचेरीत दोन्ही नकोत. सरळ 'बुओनजोर्नो' म्हणजे 'शुभ दिवस', संध्याकाळी 'बुओनासेरा'.