दोन सर्व्हरपुढे कोणता डबा ठेवावा?

छोट्या पतसंस्थेची किंवा दवाखान्याची गरज साधी असते. दोन सर्व्हर आहेत, त्यांच्यात काम वाटून द्यायचं, आणि एक पडला तर दुसऱ्याने सांभाळून घ्यायचं. यासाठी मोठ्या कंपन्यांची महागडी उपकरणं लागत नाहीत. माझ्या मते निवड तिघांतच करायची: मायक्रोटिकचा छोटा राउटर, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक किंवा इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा, चार पोर्टचा मिनी पीसी.

त्याआधी एक ठरवून टाका. जे घ्याल ते जोडीने घ्या. पुढे एकच डबा असेल आणि तोच बसला, तर मागचे दोन्ही धडधाकट सर्व्हर असून नसल्यासारखे. म्हणून बजेटला आधी दोनाने भागा आणि मगच किमती बघा.

मायक्रोटिकचा हेक्स, म्हणजे आरबी७५०जीआर३, राउटर म्हणून मला मनापासून आवडतो. पाच गिगाबिट पोर्ट, ८८० मेगाहर्ट्झचा दोन कोअरचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, शिवाय एक डबा गेला की दुसऱ्याने त्याचा नेटवर्कवरचा पत्ता घ्यायचा, ती व्हीआरआरपीची सोय आतच. नॅटचे, म्हणजे येणाऱ्या जोडणीचा पत्ता बदलून देणारे नियम लिहून नव्या जोडण्या दोन सर्व्हरना आळीपाळीने देता येतात. अडचण वेगळीच आहे: सर्व्हर जिवंत आहे की नाही, हे तो सहसा पिंगवरून, म्हणजे नेटवर्कवर हाक मारली की उत्तर येतं का यावरून ठरवतो. आमच्याकडे एकदा एका सर्व्हरवरचा डेटाबेस अडकला. पिंगला उत्तर व्यवस्थित येत होतं, त्यामुळे राउटर निम्म्या जोडण्या तिकडेच पाठवत राहिला. एका काउंटरवर पान उघडायचं, शेजारच्या काउंटरवर नुसतं चक्र फिरत राहायचं. अर्धा दिवस आम्ही वायरी तपासत होतो. मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ या प्रणालीत नेटवॉच नावाच्या सोयीला एचटीटीपी, म्हणजे वेबपानाचं उत्तर तपासता येतं, पण त्यावरून नियम बदलणारी स्क्रिप्ट आपल्यालाच लिहावी लागते.

हे काम एचएप्रॉक्सी हा लिनक्सवर चालणारा, जोडण्या वाटून देणारा प्रोग्राम नीट करतो. तो वेबसर्व्हरकडे खरोखर एक पान मागून बघू शकतो. मूळ सेटिंगमध्ये दर २ सेकंदांनी तपासणी होते आणि सलग ३ वेळा फसली की तो सर्व्हर यादीतून बाहेर. लॉगिन केलेला माणूस मधेच दुसऱ्या सर्व्हरवर जाऊ नये म्हणून कुकीने, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणेने त्याला एका जागी बांधूनही ठेवता येतं. सोबतीला व्हीआरआरपीचं काम करणारा कीपअलाइव्हड हा प्रोग्राम टाका: मुख्य डबा दर सेकंदाला हजेरी देतो आणि ती थांबली की राखीव डबा चार सेकंदांच्या आत पत्ता आपल्याकडे घेतो.

या दोन प्रोग्रामची जोडी रास्पबेरी पायवरही चालते. घ्यायचा तर पाय ४ किंवा त्यापुढचा घ्या. ३बी+ चा गिगाबिट पोर्ट यूएसबी २ वरून जात असल्याने साधारण ३०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही. पोर्ट मात्र एकच, आणि मेमरी कार्ड ही त्याची दुखरी नस. वीज अचानक गेली की कार्ड खराब होण्याची भीती असते, आणि आपल्याकडे वीज अचानकच जाते. शिकायला, करून बघायला तो उत्तम आहे. पतसंस्थेचा व्यवहार मी त्यावर ठेवणार नाही.

माझं मत एन१०० च्या जोडीला. चार कोअर, ६ वॉटचा प्रोसेसर, आत एसएसडी आणि बहुतेक मॉडेलमध्ये २.५ गिगाबिटचे चार पोर्ट. पंखा नसलेला डबा तापतो, त्यामुळे बंद कपाटात कोंडू नका. लिनक्सची सवय नसेल तर ओपनसेन्स ही ब्राउझरमधून सांभाळता येणारी मोफत फायरवॉल प्रणाली टाका. त्यात व्हीआरआरपीच्या जागी कार्प आहे. व्हीआरआरपीवरच्या पेटंटच्या वादामुळे ओपनबीएसडी ही मोफत प्रणाली बनवणाऱ्यांनी ते स्वतः घडवलं आणि तिच्या २००४ च्या ३.५ आवृत्तीत दिलं.

वेबपानांऐवजी नुसत्या टीसीपी जोडण्या, म्हणजे आत काय आहे हे न बघता पुढे पाठवायच्या जोडण्या वाटायच्या असतील आणि स्क्रिप्ट सांभाळणारं माणूस हाताशी असेल, तर हेक्सची जोडी पुरेल.

दोन डबे घेऊन ते एकाच स्विचवर, एकाच यूपीएसवर लावू नका. आणि कामकाज संपल्यावर एखाद्या संध्याकाळी मुख्य डब्याची वायर स्वतः उपसून बघा. लॉगिन टिकलं, तरच सोमवारी लोकांसमोर ठेवा.