काचबिंदू, हाताचा कंप आणि फोनवरची आपत्कालीन सोय : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझी आत्या इंदूरला रामबागेत एकटी राहते. काचबिंदूमुळे तिची नजर अधू आहे आणि हाताला कंप आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या स्मार्टफोनवर आपत्कालीन कॉलची सोय चालू आहे. या सोयीने मदत मागणे खरोखरच सोपे केले आहे, परंतु चुकून सुरू झालेला कॉल थांबवणे आत्यासारख्यांसाठी फार अवघड ठेवले आहे.

पॉवरचे बटण लागोपाठ पाच वेळा दाबले की भोंगा वाजतो, पाच सेकंदांची उलटी मोजणी होते आणि ११२ ला कॉल लागतो. निवडलेल्या नातेवाइकांना ठिकाण कळवणारा संदेशही जातो. अडचण अशी, की स्क्रीन उजळली नाही असे वाटले की कमी दिसणारा माणूस तेच बटण पुन्हापुन्हा दाबतो. कॉल रद्द करायला मात्र स्क्रीनवरची पट्टी सरकवावी लागते. थरथरणारे बोट मध्येच उचलले जाते, पट्टी जागेवर परतते आणि तेवढ्यात मोजणी संपते. असा कॉल लागलाच, तर घाबरून तोडू नये, पलीकडच्या माणसाला ‘चुकून लागला’ असे स्पष्ट सांगावे, हे आम्ही आत्याला आवर्जून समजावले आहे. अबोल कॉलमागे यंत्रणेचा वेळ जातो आणि खरा अडलेला खोळंबतो.

भोंगा आत्याला उपयोगी पडतो, कारण काय चालले आहे ते तिला ऐकून कळते. लपून मदत मागणाऱ्या बाईला मात्र तोच घातक ठरेल. तो बंद करता येतो, पण हा पर्याय सेटिंग्जमध्ये इतका आत दडवायला नको होता.

साध्या फोनचा विचार मला अधिक नेमका वाटतो. दूरसंचार विभागाच्या २०१६ च्या नियमानुसार १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या अशा फोनवर ५ किंवा ९ ची कळ दाबून धरली की आपत्कालीन कॉल लागणे सक्तीचे झाले. ५ च्या कळीवर सहसा उंचवटा असतो आणि तो न पाहता अंगठ्याला सापडतो. स्मार्टफोनवरही रद्द करण्याचे काम अशाच एखाद्या खऱ्या बटणाकडे द्यावे आणि ‘कॉल रद्द झाला’ असे फोनने मोठ्याने बोलून सांगावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

एवढे असूनही आत्याच्या फोनवरची ही सोय आम्ही चालूच ठेवली आहे.