खोक्यावरचं 'आयपीव्ही६ रेडी' आणि आठ महिन्यांचं ओपनडब्ल्यूआरटी

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शाळेचे फॉर्म. लाइन ३० एमबीपीएसची फायबर. जुन्या राउटरच्या खोक्यावर 'आयपीव्ही६ रेडी' ठळक छापलेलं. आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही४ ही जुनी. प्रत्यक्षात तो स्वतःपुरता पत्ता घ्यायचा, आतल्या लॅपटॉप-मोबाइलसाठी प्रीफिक्स, म्हणजे पत्त्यांचा गट, कंपनीकडे मागायचाच नाही. आणि असा गट मागून घेण्याचं, म्हणजे प्रीफिक्स डेलिगेशनचं, मानक २००३ सालचं! शेवटी पोळ्याच्या सुमारास १२८ एमबी रॅमचा दुसरा राउटर घेऊन त्यावर ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर, टाकलं.

आयपीव्ही६ पहिल्याच दिवशी घरभर आलं. आयपीव्ही४ वर आम्हाला १००.६४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, म्हणजे कंपनीच्या सामायिक नॅटच्या मागे, एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. बाहेरून विहिरीवरचा कॅमेरा दिसायचा प्रश्नच नव्हता. आता फायरवॉलमध्ये एक नियम टाकला की मोबाइल डेटावरून दिसतो.

पण खरे पैसे वसूल झाले ते लाइनवर डेटाची जी रांग लागते, तिच्यावर. हरभऱ्याच्या विम्याच्या दिवसांत एकानं स्कॅन अपलोडला लावले की दुसऱ्याचा ओटीपी टाकेपर्यंत वेळ संपायचा. "काहून अटकलं भाऊ?" हे दिवसातून वीसदा. ही रांग आवरणारं एसक्यूएम पॅकेज ओपनडब्ल्यूआरटीवर वेगळं टाकावं लागतं. त्यात केक नावाची रांग लावायची पद्धत निवडून अपलोड-डाउनलोड दोन्हीकडे २७००० केबीपीएसची (२७ एमबीपीएस) मर्यादा लावली. अपलोड चालू असताना पिंग, म्हणजे उत्तर परत यायला लागणारा वेळ, ४०० मिलिसेकंदांवरून ४५ वर आला. केकचं स्वतःचं आरएफसी (इंटरनेटच्या पद्धतींचा क्रमांकित दस्तऐवज) नाही, पण तो ज्या पद्धतीतून निघाला त्या एफक्यू-कोडेलचं आहे, ८२९०, २०१८ चं.

आमची लाइन पीपीपीओई या लॉगिन पद्धतीनं जोडते, त्यामुळे डेटाचं पॅकेट नेहमीच्या १५०० ऐवजी जास्तीत जास्त १४९२ बाइटचं होतं. जुन्या राउटरवर काही सरकारी पोर्टल लॉगिनपर्यंत यायची आणि पुढे पांढरं पान. इथे एमएसएस क्लॅम्पिंग, म्हणजे पॅकेट लाइनच्या मापात बसतील असं आधीच ठरवणं, सुरुवातीपासून चालू असतं, मला हात लावावा लागला नाही.

तक्रारी आहेतच. संध्याकाळी लाइन १५ एमबीपीएसवर येते, तेव्हा २७००० चा आकडा निरुपयोगी. हातानं कमी करतो. नवी आवृत्ती टाकताना मध्येच वीज गेली आणि राउटर रिकव्हरीतून उठवण्यात अर्धा दिवस गेला. आता इन्व्हर्टरवरच अपडेट.

आणि कंपनी एकच /६४ देते, म्हणजे एका नेटवर्कपुरता आयपीव्ही६ पत्त्यांचा गट. बाकावर बसणाऱ्यांसाठीचं वायफाय वेगळं काढलंय, त्याला दुसरं /६४ लागतं, म्हणून ते अजून आयपीव्ही४ वरच. /५६, म्हणजे असे अनेक /६४ मावतील एवढा मोठा गट, मागायला कंपनीला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "सर, राउटर बंद करून चालू करून बघा."