आजीच्या तेलापायी नऊ हजार

साताऱ्यात एसटी स्टँडच्या आसपास एखादी नीटनेटकी बाई तुमच्या केसांकडे बघून हळहळली, तर थांबू नका. मी थांबले.

नोव्हेंबर संपत आला होता. बसला वेळ होता. शेजारी उभी असलेली पस्तिशीची बाई म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण माझ्या जावेचे केस अगदी असेच गेले होते. आता कमरेपर्यंत आलेत." केस मूठमूठ गळत होतेच, मी कान टवकारले. मग तिनं विचारलं, "तुमच्याकडं पूर्वी काय लावायचे हो?"

बस्स, एवढंच. मी बोलत सुटले. रविवारचं न्हाणं, तांब्याच्या बंबाचं पाणी, ठसका लागेल अशी शिकेकाई, ओल्या केसांना उदाची धुरी. आणि आजीचं माक्याचं तेल. ओढ्याकाठचा माका उपटून आणायचा, पाट्यावर वाटायचा (बोटं दोन दिवस काळी) आणि लोखंडी कढईत खोबरेलात मंद आचेवर ठेवायचा. ती मान डोलवत ऐकत होती आणि अधूनमधून मोबाइलवर काहीतरी टाइप करत होती. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शेवटी तिनं एका दुकानाचा पत्ता सांगितला, "माझं नाव सांगा, वाजवी लावतील."

दुकान म्हणजे भाड्याचा गाळा. काचेच्या बरण्या, भिंतीवर धन्वंतरीचा फोटो. मी तोंड उघडायच्या आत माणूस म्हणाला, "आमच्याकडं अजून लोखंडी कढईतच तेल होतं ताई. माका, खोबरेल, जुनी पद्धत." माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, आजीनंच पाठवलं इथं. माझंच बोलणं मला परत विकलं जातंय, हे समजायला महिना गेला.

खरी मेख भावात होती. त्यानं चार बरण्या पुढं ओढल्या. एक हिमालयातली जटामांसी म्हणून दाखवली, बाकीच्यांची नावं मी कधी ऐकली नव्हती. "कशी दिली?" "पस्तीस रुपये." मी धरलं तोळ्याला, म्हणजे दहा ग्रॅमला. त्यानं झटपट २४० ग्रॅम तोललं, सगळं एकत्र मिक्सरमध्ये टाकलं आणि बटण दाबलं. माझा हिशोब ८४० चा. त्यानं कॅल्क्युलेटर फिरवला, ८,४००. पस्तीस रुपये ग्रॅमला होते! तेलाच्या बाटलीचे १,२०० वेगळे. "एवढं नको मला," म्हटल्यावर त्याचा आवाज बदलला. "वाटलेला माल आता कुणाला देऊ? तुमच्या नावानं वाटलाय." दारात अजून दोघं येऊन उभे राहिले होते. घासाघीस करून ९,००० वर आणलं, वर मलाच वाटलं की सहाशे वाचवले. क्यूआर कोड स्कॅन केला तर दुकानाचं नाव नाही, भलत्याच माणसाचं आलं. तरी पैसे पाठवले. पावती मागितली तर कागदाच्या चिटोऱ्यावर नुसता आकडा.

घरी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी न्हाणीघरातली बाटली उचलली. पाणी असं गार की हात बधिर व्हावेत, आणि तेल मात्र आतमध्ये डुचमळतंय. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. आमच्याकडं थंडीत आजी बरणी उन्हात ठेवायची नाहीतर तेलात पळीच उभी राहायची. हे तर थेंबभरही गोठलं नव्हतं. खोबरेल नव्हतंच ते. खनिज तेल, म्हणजे लाइट लिक्विड पॅराफिन, असं थंडीतही पातळ राहतं आणि स्वस्त असतं. केसांच्या कितीतरी तेलांत ते घालतात, लेबलवर लिहितातही. या बाटलीवर घटक नाहीत, उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, फक्त लांब केसांच्या बाईचं चित्र. परवाना आणि बॅच नंबर तरी उलटून बघायला हवे होते, पण मी त्या चित्राकडंच बघत बसले.

दुकानावर गेले तर शटर बंद. शेजारचा टेलर म्हणाला, "गेले की. तुम्ही चौथ्या." ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली, पोलिसांत अर्जही दिला. पैसे काही आले नाहीत. तुमचं असं झालं तर पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि बाटली जपून ठेवा. मी पुडीतली अर्धी पूड रागानं कुंडीत ओतली, ती चूक झाली.

मग कोरेगावच्या आत्याला फोन केला. आधी ती हसली, मग चिडली. "येडी का काय तू? बांधाला माका माजलाय. मला इचारायचं की!" रविवारी तिच्याकडं गेले. घाण्याचं खोबरेल आणि कढीपत्ता धरून चारशेच्या आत काम झालं. तेल झालं की नाही हे बघायला आत्यानं कापसाची वात त्यात बुडवून पेटवली. तडतडली. "पाणी हाय अजून." आणखी वीस मिनिटांनी वात गुमान जळली, तेव्हा कढई उतरवली.

केस अजून गळतात, थोडे कमी. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९ निघालं. गोळ्या चालू आहेत. स्टँडवरची ती बाई परवा मला पुन्हा दिसली, एका कॉलेजच्या मुलीशी बोलत होती. मी जवळ जाईपर्यंत ती गर्दीत गेली. मुलीच्या हातात पत्त्याचा कागद होता. तो मी फाडला, तर पोरगी माझ्यावरच चिडली.