रिओ ग्रांदेच्या लॉजमध्ये आमचं नावच नव्हतं

फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे नकली माशी लावलेल्या गळाने मासे धरायला, आलेलो दादा आणि मी विमानतळाबाहेर दोन तास उभे होतो. अर्जेंटिनाच्या तिएरा देल फ्वेगोमधलं रिओ ग्रांदे शहर, जानेवारीचा दुसरा आठवडा, म्हणजे तिथला ऐन उन्हाळा. तरी पश्चिमेचा वारा असा, की रॉडची नळकांडी दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागत होती. लॉजची गाडी येणार होती, आली नाही. ज्याच्यामार्फत बुकिंग केलं त्या एजंटचा फोन आधी नुसता वाजत राहिला, मग लागेनासाच झाला. शेवटी एका टॅक्सीवाल्याला लॉजचं नाव दाखवलं. खडीच्या रस्त्याने पाऊण तासाने आम्ही पोचलो. मॅनेजरबाईंनी नावं विचारली, यादी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि म्हणाल्या, तुमचं बुकिंग इथे नाही.

जेवणघराच्या भिंतीवर फळा होता. कोणता पाहुणा, कोणता गाईड, सकाळी कोणता डोह, संध्याकाळी कोणता, सगळं खडूने लिहिलेलं. आठ नावं होती. दादा चष्मा लावून तो फळा वरपासून खालपर्यंत वाचत राहिला. तो क्षण आठवला की अजून पोटात कालवतं.

दादा ६४ वर्षांचा आहे. फ्लाय फिशिंग आम्ही दोघं हिमाचलातल्या तीर्थन नदीवर शिकलो, ब्राउन ट्राउटवर. समुद्री ट्राउट हाही त्याच जातीचा मासा. नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन पोसतो, अंडी घालायला नदीत परततो. १९३५ साली जॉन गुडॉल यांनी चिलीतल्या प्वेर्तो मोंतहून ब्राउन ट्राउटची अंडी आणून शहराच्याच नावाच्या रिओ ग्रांदे नदीच्या उपनद्यांत सोडली. पुढे त्यातले काही मासे आपणहून समुद्रात उतरले. समुद्रात खाणं भरपूर, म्हणून आज तिथला साधारण मासाच चार-पाच किलोंचा भरतो, आणि नऊ-दहा किलोंचेही मिळतात. दादाने हे वीस वर्षांपूर्वी कुठेतरी वाचलं आणि मनात धरून ठेवलं. जायच्या आधीचे तीन महिने तो रोज रात्री गळाच्या नकली माश्या बांधत बसायचा. सशाच्या काळ्या केसाळ पट्टीच्या, जळवेसारख्या लांब लीच आणि रबरी पायांच्या, पाणकिड्यासारख्या निम्फ. पन्नासेक झाल्या होत्या.

आता फसलो कसे ते सांगतो, कारण हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं.

या नदीवर खरा माल खोली किंवा जेवण नसतो, काठ असतो. दोन्ही बाजूंना मेंढ्यांच्या प्रचंड एस्तान्सिया, म्हणजे खासगी कुरणं, आहेत आणि चांगल्या डोहांपर्यंत जायची वाट त्यांच्या कुंपणातून जाते. लॉज घेणाऱ्याला त्या वाटेचा हक्क मिळतो. रॉड, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या जागा, मोजके, हंगामाचे बरे आठवडेही मोजके, आणि जुने पाहुणे निघतानाच पुढच्या वर्षाची जागा धरून जातात. त्यामुळे "दोन रॉड ऐनवेळी रद्द झालेत, एक तृतीयांश कमी दरात देतो" असं कुणी म्हटलं की ते खरं वाटतं. खरोखरच तसं कधी कधी होतंही. एजंटने नेमकी तीच जागा हेरली होती.

माणूस गोड बोलायचा, आणि त्याला विषयाची माहितीही होती. दोन हातांचा रॉड आणा, सात किंवा आठ क्रमांकाचा चालेल, दुपारी विश्रांती असते, दिवस मावळायला रात्रीचे दहा वाजतात आणि खरे मासे तेव्हाच हलतात, हे सगळं त्याने बरोबर सांगितलं. माणशी ६,४०० डॉलर ठरले. पूर्ण रक्कम आधी मागितली, तीही तिसऱ्याच देशातल्या, लॉजशी नावही न जुळणाऱ्या कंपनीच्या खात्यावर. कारण विचारलं तर म्हणाला, अर्जेंटिनात परकी चलनावर निर्बंध आहेत, म्हणून सगळे बाहेरच पैसे घेतात. यात तथ्य होतं, म्हणूनच आम्ही गप्प बसलो. खोट्याच्या आत एवढं खरं पेरलेलं असलं की माणसाला शंका घ्यायला जागा राहत नाही.

आणि मग तो फॉर्म आला. लॉजच्या बोधचिन्हासह. बुटाचं माप काय, कास्ट उजव्या हाताने की डाव्या, कशाची अॅलर्जी, मांसाहार चालतो का. दादाने तो हौसेने भरला. पैसे गेले होतेच, पण माझा पुरता विश्वास बसला तो त्या फॉर्मने. इतकी बारीक विचारपूस करणारा माणूस लबाड असेल, असं मनातही आलं नाही.

मॅनेजरबाईंनी जुना पत्रव्यवहार उघडून दाखवला. एजंटने जूनमध्ये दोन जागांची चौकशी केली होती. त्यांनी दोन आठवडे जागा राखल्या. आगाऊ रक्कम आली नाही, म्हणून दुसऱ्यांना दिल्या. आमचे पैसे त्याच्याकडे पोचले ते त्यानंतर, ऑगस्टमध्ये. लॉज खरं, एजंटची चौकशी खरी, फक्त आमचा एक डॉलरही तिथे पोचला नव्हता. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला झोंबली. आमच्या कागदावर आठवडा बुधवार ते बुधवार होता. त्या लॉजचे आठवडे शनिवार ते शनिवार असतात, आणि हे त्यांच्या स्वतःच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापलेलं आहे. ते पान मी कितीदा तरी पाहिलं होतं.

त्या बाईंनी आम्हाला गाईडांच्या खोल्यांत एक रात्र ठेवून घेतलं, जेवू घातलं, एक पैसा घेतला नाही. संध्याकाळी एक गाईड दादाला आपल्या पाहुण्यांबरोबर घेऊन गेला, नुसतं बघायला. दादा काठावर वाऱ्यात तीन तास उभा होता. अंधार पडता पडता एकाला मासा लागला. जाळीतच वजन केलं, साडेसहा किलो, आणि परत पाण्यात सोडला. दादा येऊन एवढंच म्हणाला, "चांदीसारखा होता रे." त्याने आणलेला रॉड नळकांड्यातून बाहेर निघालाच नाही.

परत आल्यावर बँकेत गेलो. पाच महिन्यांपूर्वीचं परदेशी हस्तांतर, परत मागवण्याची विनंती पाठवली, पण समोरचं खातं रिकामं होतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथेही पहिला प्रश्न हाच, की कळवायला इतका उशीर का? काय सांगणार, पोचेपर्यंत आम्हाला कळलंच नव्हतं. पैसे क्रेडिट कार्डाने भरले असते तर निदान व्यवहाराला हरकत घेता आली असती. एजंटने कार्ड नको म्हटलं तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

तुम्ही अशा सहलीचा विचार करत असाल, तर पैसे पाठवण्याआधी लॉजचा नंबर एजंटकडून घेऊ नका, दुसरीकडून शोधा आणि स्वतः फोन करा. आपली नावं, आठवड्याच्या तारखा, आगाऊ रक्कम जमा झाली का, एवढं विचारा. भाषेची अडचण येत नाही, अशा लॉजवर इंग्रजी बोलणारं कुणी ना कुणी असतंच. एजंट खरा असेल तर त्याला याचा राग येणार नाही. आणि उरलेली रक्कम भरल्यावर पुन्हा एकदा फोन करा. माझा तो एक फोन राहून गेला.

आमच्याशिवाय त्या हंगामात आणखी एक जोडपं असंच दारात येऊन उभं राहिलं, असं बाईंनी नंतर पत्राने कळवलं. एजंटची जाहिरात अजून चालू आहे. पुढच्या जानेवारीसाठी "ऐनवेळी रद्द झालेले दोन रॉड", खाली तोच माशाचा फोटो, आणि आठवडा पुन्हा बुधवार ते बुधवार.